गारेचा व्यास छापा

माननीय संपादक महोदय,

अवकाळी पावसाच्या बातम्यांत गारा कधी 'बोराएवढ्या' असतात, कधी 'लिंबाएवढ्या'. बोर गावरान की ॲपल बोर, हे त्यातून कळत नाही आणि नुकसानीच्या हिशेबात या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या वार्ताहरांनी गारेचा व्यास मोजून मिलिमीटरमध्ये द्यावा, अशी विनंती आहे. मी विज्ञान शिकवतो, म्हणून कारण जरा सविस्तर मांडतो.

जड आणि हलकी वस्तू एकाच वेळी खाली पडते, असं आपण मुलांना शिकवतो. हवा नसेल तिथे ते खरंच आहे. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, दोन्ही बरोबरच टेकली. आपल्या खळ्यावर मात्र उपणताना दाणे पायाशी पडतात आणि भुसकट वाऱ्याबरोबर लांब जातं. गारेला नियम लागू होतो तो खळ्यावरचा. हवा नसती तर पाच किलोमीटरवरून सुटलेली गार ताशी ११०० किलोमीटरहून जास्त वेगाने आदळली असती. पण वेग वाढतो तसा हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो विरोध गारेच्या वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. यालाच अंतिम वेग म्हणतात.

आता आकाराकडे पाहा. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं, हवेला सामोरं जाणारं क्षेत्रफळ मात्र चौपटच. म्हणून मोठी गार जास्त वेगाने येते. एक सेंटीमीटरची गार जेमतेम अर्ध्या ग्रॅमची, ती ताशी ४० किलोमीटरच्या आसपास पडते. चार सेंटीमीटरची सुमारे ३० ग्रॅमची, तिचा वेग याच्या दुप्पट. वजन ६४ पट, वेगाचा वर्ग चौपट, म्हणजे आदळतानाची ऊर्जा २५६ पट! पावसाच्या थेंबाचं असं होत नाही. तो पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे वाढला की हवेतच फुटतो, त्यामुळे त्याच्या वेगाला आपोआप मर्यादा पडते. गार घट्ट बर्फाची, ती तशी फुटत नाही. त्यात वादळी वारा असला की ती तिरपी येते आणि तो वेगही मारात मिळतो. गारपिटीनंतर मोसंबीच्या बागेत जाऊन पाहावं: वाऱ्याकडच्या फांद्यांची साल सोलून निघालेली असते, पलीकडच्या बाजूला तेवढी इजा नसते.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. त्या वेळी कोणत्या गावात किती मिलिमीटरची गार पडली, हे गावोगाव लिहून ठेवलं गेलं असतं तर आज द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेवर कोणती गारपीटरोधक जाळी टाकायची, तिला कोणता मार सोसावा लागेल, हे शेतकऱ्याला अंदाजपंचे ठरवावं लागलं नसतं. माझ्या पाहण्यात आलेल्या पंचनाम्यांत बाधित क्षेत्र आणि नुकसानीची टक्केवारी होती, गारेचा आकार नव्हता. तलाठी आणि कृषी सहायक पोहोचेपर्यंत गारा विरघळून गेलेल्या असतात, हेही खरं. म्हणून मोजणी गावातच, तेव्हाच व्हायला हवी.

फार काही लागत नाही. तळहातावरच्या गारेच्या फोटोवरून आकार कळत नाही, शेजारी पट्टी हवी. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालेल, ते २७ मिलिमीटरचं असतं. परदेशात यासाठी हेलपॅड वापरतात: फोमच्या जाड तुकड्यावर ॲल्युमिनियम फॉइल ताणून बसवायची आणि तो उघड्यावर घट्ट बांधून ठेवायचा. गारा वितळल्या तरी खळगे राहतात, ते सावकाश मोजता येतात. मुक्त पतन शिकवणाऱ्या प्रत्येक शाळेच्या गच्चीवर फेब्रुवारी ते मे असा एक तुकडा ठेवता येईल. मोजणी मुलं करतील. आपण ते आकडे गावाच्या नावासह छापावेत.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, औसा (जि. लातूर)