गुणवत्ता यादीचे पान आणि दहा सेकंदांची साठवण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुणवत्ता यादी जाहीर होताच प्रवेशाचे संकेतस्थळ बंद पडते आणि ‘सर्व्हरवर ताण आला’ असे कारण सांगितले जाते. माझ्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी आम्हीही दोन तास कोऱ्या पडद्यासमोर बसलो होतो. सर्व्हरची देखभाल हाच माझा व्यवसाय असल्याने, हा ताण बहुतांशी टाळता येतो, हे लिहिणे मला कर्तव्य वाटते.

यादीचे पान डायनॅमिक असते, म्हणजे प्रत्येक मागणीला ते डेटाबेसमधून नव्याने तयार होते. पण यादी तर सर्वांसाठी एकच असते. मूळ सर्व्हरपुढे एनजिनएक्स किंवा व्हार्निशसारखा प्रॉक्सी, म्हणजे तयार पान साठवून परस्पर देणारा मधला सर्व्हर, ठेवून हे पान अवघे 10 सेकंद साठवले, तर सेकंदाला 1,000 मागण्या आल्या तरी त्या दहा सेकंदांतल्या 10,000 मागण्यांपैकी ढोबळमानाने एकच डेटाबेसपर्यंत जाते. (व्हार्निशचा जन्मच 2006 साली नॉर्वेतील एका मोठ्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळासाठी झाला.) पान अजून साठवलेले नसताना सगळ्या मागण्या एकदम आत शिरू नयेत, म्हणून एनजिनएक्समध्ये ‘प्रॉक्सी कॅश लॉक’ आणि साठवणीची मुदत संपताच तसे होऊ नये, म्हणून ‘प्रॉक्सी कॅश यूज स्टेल अपडेटिंग’ (नवे पान येईपर्यंत जुनेच देणे) मात्र चालू करावे लागते.

घोडे पेंड खाते ते कुकीपाशी. अनेक प्रणाली लॉगिन न केलेल्या पाहुण्यालाही सेशन कुकी, म्हणजे त्याला ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण, देतात, आणि कुकी देणारे उत्तर खासगी असू शकते म्हणून हे दोन्ही प्रॉक्सी ते मुळात साठवतच नाहीत. मग कोणी साठवणीचा नाद सोडतो, तर कोणी कुकीकडे दुर्लक्ष करून सरसकट सगळेच साठवण्याचा आदेश देतो. हा दुसरा मार्ग अतिशय घातक आहे. 25 डिसेंबर 2015 रोजी ‘स्टीम’ या खेळविक्रीच्या संकेतस्थळावर साठवणीच्या चुकीच्या मांडणीमुळे एकाच्या खात्याची पाने दुसऱ्याला दिसू लागली. सुमारे 34,000 ग्राहकांची पाने अशी इतरांपुढे गेली असण्याची शक्यता कंपनीनेच नंतर मान्य केली. आपल्याकडे अशा पानांवर विद्यार्थ्यांचे जातप्रमाणपत्र आणि पालकांचे उत्पन्न असते.

म्हणून यादीच्या पानावर कुकी देऊच नये, त्याच्या ‘कॅश-कंट्रोल’मध्ये (पानासोबत जाणाऱ्या साठवणीच्या सूचनेत) ‘एस-मॅक्सएज=10’, म्हणजे ‘प्रॉक्सीने 10 सेकंद साठवावे’, असे लिहावे आणि अर्ज, शुल्काची पावती व लॉगिननंतरच्या प्रत्येक पानावर ‘नो-स्टोअर’ (साठवू नये) लिहावे. हे काम प्रॉक्सी सांभाळणाऱ्याचे एकट्याचे नाही, प्रणाली लिहिणाऱ्याचेही आहे. तेव्हा संबंधितांनी निविदेतच ही अट घालावी आणि पुढच्या फेरीआधी दोन वेगवेगळ्या खात्यांतून लॉगिन करून त्याची चाचणी घ्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक पालक, नाशिक