वर्गाची आठवण कुणाच्या फोनवर?

आमच्या भागातल्या प्रसूतिगृहात गरोदर बायकांसाठी मार्गदर्शन वर्ग भरतो, पण बऱ्याच खुर्च्या रिकाम्याच. तारीख केसपेपरच्या मागे खरडलेली आणि केसपेपर कपाटात. लक्षात कोण ठेवणार? आदल्या संध्याकाळी साधा एसएमएस पाठवावा: वेळ, मजला, सोबत काय आणायचं. मराठीत, हिंदीतही. व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नये, अनेकींकडे अजून बटणाचाच फोन आहे.

खरी गोम नंबरात आहे. नोंदणीच्या वेळी बहुधा नवऱ्याचा नंबर लिहितात. तो दिवसभर कामावर. रात्री घरी येऊन निरोप द्यायचा तर राहूनच जातो. बाईचा स्वतःचा, नाहीतर सासूबाईंचा नंबर घ्या. ‘किलकारी’चे सरकारी कॉल आरोग्याची माहिती देतात, चांगलंच आहे, पण उद्या अकराला दुसऱ्या मजल्यावर या, हे प्रसूतिगृहानेच कळवायला हवं.

– एक वाचक, भांडुप