फंक्शन शिकवताना बेरजेचे उदाहरण नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पहिल्या वर्षाची मुले पायथन ही संगणकाची भाषा शिकताना पॅरामीटर असलेल्या फंक्शनपाशी हमखास अडतात. (फंक्शन म्हणजे नाव दिलेला सूचनांचा संच आणि पॅरामीटर म्हणजे त्याला बाहेरून मिळणाऱ्या किमतींची नावे.) त्याला बऱ्याच अंशी आपण निवडलेले उदाहरण कारणीभूत आहे. पहिले फंक्शन जवळपास नेहमी दोन संख्यांच्या बेरजेचे असते. बेरजेत संख्यांची अदलाबदल झाली तरी उत्तर तेच येते. मग कोणती किंमत कोणत्या पॅरामीटरला मिळाली, हे मुलाला कळणार कसे? आयताच्या क्षेत्रफळाचेही तेच.

त्याऐवजी कापसाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, घ्यावा. आपल्याकडच्या मुलांना हा हिशेब घरचाच आहे. पहिली ओळ: डेफ रक्कम(क्विंटल, भाव, हमाली): आणि खाली चार जागा सोडून दुसरी: रिटर्न क्विंटल * (भाव - हमाली). डेफने फंक्शन ठरते, रिटर्नने उत्तर परत मिळते आणि * म्हणजे गुणिले. १२ क्विंटल, ७००० रुपये भाव आणि क्विंटलमागे ३० रुपये हमाली धरली, तर रक्कम(१२, ७०००, ३०) चे उत्तर ८३,६४० येते. आता मुलांना मुद्दाम रक्कम(७०००, १२, ३०) लिहायला लावावे. उत्तर येते उणे १,२६,०००. पायथन कसलीही तक्रार करत नाही, कारण किमती क्रमानेच वाटल्या जातात. नावे तो जुळवून पाहत नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की रक्कम(भाव=७०००, क्विंटल=१२, हमाली=३०) असे नावानिशी का लिहावे, ते वेगळे सांगावे लागत नाही. (पायथन ३ मध्ये पॅरामीटरची नावे देवनागरीत चालतात. डेफ, रिटर्न हे शब्द आणि अंक मात्र इंग्रजीतच टंकावे लागतात.)

दुसरी अडचण रिटर्नच्या जागी प्रिंट लिहिण्याची. पडद्यावर उत्तर दिसते, म्हणून मुलाला काम झाले असे वाटते. पण दोन गाड्यांची एकूण रक्कम काढायला रक्कम(१२, ७०००, ३०) + रक्कम(५, ६८००, ३०) लिहिले की दोन्ही आकडे छापले जातात आणि लगेच टाइपएरर ही चूक येते. प्रिंट असलेल्या फंक्शनने काहीच परत दिलेले नसते, त्यामुळे पायथन नन (म्हणजे ‘काहीच नाही’) आणि नन यांची बेरीज करू पाहतो. रिटर्न असेल तर १,१७,४९० मिळतात. माझ्या मते प्रिंटवाले फंक्शन पहिल्या आठवड्यात दाखवूच नये, ती सवय पुढे मोडायला फार जड जाते.

इनपुटने, म्हणजे वापरणाऱ्याने टंकून, मिळालेली किंमत नेहमी मजकूर असते, हेही आधीच सांगावे. भाव आणि हमाली इंटने पूर्णांकात बदलली आणि क्विंटल तसेच राहिले, तर चूक दाखवली जात नाही. १२ हा मजकूर ६९७० वेळा सलग छापला जातो. तिन्ही किमती फ्लोटने, म्हणजे दशांश संख्येत, बदलाव्यात, इंटने नव्हे. वजन १२.४० क्विंटल असले तर इंट तो मजकूर स्वीकारत नाही आणि व्हॅल्यूएरर ही चूक येते. हा बदल फंक्शनला हाक मारण्यापूर्वी, बाहेरच करावा.

हमाली बहुधा ठरलेली असेल तर हमाली=३० अशी आधीच किंमत देता येते. तिच्यानंतर विनाकिंमत पॅरामीटर ठेवला, तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेचे प्रश्न काढणाऱ्यांना एक विनंती आहे. ‘फंक्शन वापरून प्रोग्रॅम लिहा’ एवढेच विचारले की मुले फंक्शनच्या आतच इनपुट घेतात, आतच छापतात आणि कंस रिकामे ठेवतात. तरीही पूर्ण गुण मिळतात. प्रश्नात किमान तीन पॅरामीटर मागावेत, फंक्शनच्या आत इनपुट आणि प्रिंट नको असे स्पष्ट लिहावे, आणि तपासताना परीक्षकाने स्वतः दोन वेगळ्या किमती देऊन ते चालवून पाहावे.

आपला,
संगणक विषयाचा एक शिक्षक, अमळनेर