‘पितळी’ टाचण्यांच्या पाकिटात पोलादी टाचण्या

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: बारीक बॉबिन लेससाठी मागवलेल्या टाचण्या वर्णनाप्रमाणे नसल्याबाबत.

महोदय,

तुमच्या संकेतस्थळावरून मी ‘लेसच्या पितळी टाचण्या, लांबी 26 मिमी, जाडी 0.45 मिमी’ मागवल्या होत्या. बॉबिन लेस म्हणजे उशीवर नक्षीचं कार्ड ठेवून, त्याच्या भोकांत टाचण्या टोचून, बॉबिनांवर गुंडाळलेल्या सुताने त्यांच्याभोवती विणलेली जाळीदार नक्षी. या टाचण्या वापरून विणलेल्या नक्षीतल्या पहिल्याच पाकळीच्या कडेला तांबूस ठिपके उठले. पितळ गंजतं कसं, म्हणून लोहचुंबक जवळ नेला, तर टाचण्यांचा घोसच्या घोस त्याला चिकटला. म्हणजे आत पोलाद आणि वर नुसता मुलामा. ओळखीच्या सोनाराकडून व्हर्नियरने जाडीही मोजून घेतली. ती 0.65 मिमी भरली.

फोनवर तुमच्या प्रतिनिधीने सांगितलं, “मॅडम, एवढ्याशा फरकाने काय होतंय? टाचणी ती टाचणीच.” काय होतं ते लिहिते.

मी इंग्लंडच्या डेव्हनमधल्या हॉनिटन पद्धतीची लेस विणते. व्हिक्टोरिया राणीच्या 1840 सालच्या लग्नातली लेस याच जातीची. सूत केसासारखं बारीक आणि नक्षीच्या कार्डावरची भोकं अगदी खेटून. तिथे जाड टाचणी टोचली की ती शेजारच्या भोकात घुसते, कार्ड फाटतं आणि पाकळीची वळणदार कड वेडीवाकडी होते. टाचणी काढल्यावर कडेला सुताचा सैल फासा उरतो. पुढचा भाग त्याच फाशांत ओवून जोडायचा असल्यामुळे तो सैलपणा शेवटपर्यंत दिसत राहतो. जाड सुताच्या टॉर्शन लेसला 0.65 ची टाचणी चांगलीच चालते. पण मग ती टॉर्शनसाठी म्हणून विका.

गंजाचं तर विचारूच नका. विणकाम चालू असेपर्यंत टाचण्या उशीत टोचलेल्याच राहतात, आणि आमच्या रत्नागिरीत पावसाळ्यात कपाटातले कपडेसुद्धा दमट होतात. पितळही काळवंडतं, नाही असं नाही. पण पुसून घेतलं की भागतं. गंजाचा डाग लिंबू-मिठाने कदाचित जाईल, पण इतकं बारीक सूत त्या चोळाचोळीत टिकायचं नाही. ती पाकळी मला कापून टाकावी लागली.

“उघडलेलं पाकीट परत घेत नाही,” हे तुमचं उत्तर मला मान्य नाही. पाकीट न उघडता टाचणीची जाडी कशी मोजायची, तेही सांगा. वर्णनात एक आणि पाकिटात भलतंच, हा दोष तुमचा आहे. टाचण्यांची पूर्ण किंमत टपालखर्चासह परत करावी, आणि संकेतस्थळावरचं वर्णन सुधारून धातू व जाडी खरी लिहावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) तक्रार नोंदवून पुढे ग्राहक आयोगाकडे जाईन.

बिलाची प्रत, पाकिटावरच्या लेबलाचा आणि डागाळलेल्या पाकळीचा फोटो सोबत जोडला आहे. टाचण्या मी जपून ठेवल्या आहेत. माणूस पाठवून घेऊन जा. परतीचा खर्च मी करणार नाही.

आपली,
(सही)
एक ग्राहक, रत्नागिरी