टीव्हीचा लेकरांवर काहीच परिणाम होत नाही, हे पटत नाही

आदरणीय संपादक साहेब,
स. न. वि. वि.

परवा तुमच्या वाचकांच्या पानावर एका काकांचं पत्र आलं होतं की टीव्हीवरची मारामारी बघून कोणी बिघडत नसतं, आम्ही पण लहानपणी ढिशूम ढिशूम बघतच मोठे झालो, आम्ही काय गुंड झालो का. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर तिसरी-चौथीला शिकवते. काकांचा अनुभव मान्य, पण या प्रश्नावर साठ वर्षांपेक्षा जास्त काळ अभ्यास चाललाय, तो असा एका वाक्यात उडवून लावू नये.

डीएडला आम्हाला बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग होता. 1961 ला स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेकरांसमोर एक मोठं माणूस फुगवलेल्या बाहुल्याला हातोडीनं, लाथेनं बडवतं, मग लेकरांना त्या बाहुल्यापाशी सोडलं तर बघितलेल्यांनी तसंच्या तसं बडवलं. 1963 ला तेच फिल्मवर दाखवलं तरी तेच झालं. पण मला महत्त्वाचा वाटतो तो 1965 चा भाग. त्यात काही लेकरांना बडवणाऱ्याला शिक्षा झालेली दाखवली, त्यांनी नक्कल कमी केली, पण नंतर बघितलं ते करून दाखवलं तर बक्षीस देऊ म्हणलं की त्यांनी पण बाकीच्यांइतकंच करून दाखवलं! म्हणजे डोक्यात जाऊन बसलेलंच होतं, फक्त बाहेर आलं नव्हतं. शेवटच्या भागात खलनायकाला जेल होते म्हणून आधीचे पाचशे भाग माफ असं ज्यांना वाटतं त्यांनी हे बघावं.

आता कोणी म्हणेल बाहुल्याला मारणं आणि माणसाला मारणं एक नाही, बरोबर आहे. म्हणून पुढे लोकांनी वर्षानुवर्षं लेकरांच्या मागे राहून अभ्यास केले. शिकागो भागात 1977 ला सहा ते दहा वर्षांची 557 लेकरं घेतली आणि साधारण पंधरा वर्षांनी त्यातली जी सापडली त्यांना परत भेटले. लहानपणी हिंसक कार्यक्रम जास्त बघणारे, त्यातही जे दिसतं ते खरं वाटणारे आणि मारणाऱ्यात स्वतःला बघणारे, मोठेपणी जास्त आक्रमक निघाले, मुलं पण आणि मुली पण, आणि घरची परिस्थिती, आईबापाचं वळण हे सगळं हिशेबात धरून सुद्धा. सगळे गुंड झाले असं कोणीच म्हणलेलं नाही, झुकाव वाढतो एवढंच म्हणणं आहे, आणि हे पटत नाही म्हणणारे संशोधक पण आहेत.

मला या सगळ्यात दोन ठिकाणांची गोष्ट फार विचार करायला लावते. कॅनडात एका गावाला टीव्हीचा सिग्नलच पोचत नव्हता, 1973 च्या सुमारास पोचला, आधी आणि दोन वर्षांनी लेकरांचं खेळणं बघितलं तर मारामारी आणि शिवीगाळ दोन्ही वाढलेलं. उलट अटलांटिक समुद्रातल्या सेंट हेलेना बेटावर 1995 ला टीव्ही आला तरी शाळेच्या मैदानावर तसं काही वाढलेलं दिसलं नाही. अभ्यासकांचं म्हणणं असं पडलं की तिथे सगळं गाव एकमेकांच्या लेकरांवर लक्ष ठेवून असतं. म्हणजे टीव्ही तोच, फरक लेकराजवळ कोण बसलंय याचा.

आणि साहेब, आमच्याकडे लेकराजवळ कोण बसलंय? दसरा-दिवाळी झाली की उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात ते पार मार्च-एप्रिलपर्यंत, लेकरू आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात. आजीला दिसत कमी असतं, ऐकू कमी येतं, मग टीव्ही मोठ्या आवाजात दिवसभर चालूच, तेवढीच सोबत. मालिकेत सुनेच्या कानाखाली मारलेली एकच चापट तीन बाजूनं तीनदा, आणि मध्ये रिमोट दाबला की बातम्या.

मस्साजोग आमच्याच तालुक्यात. डिसेंबर 2024 ला तिथल्या सरपंचांचा खून झाला आणि मार्च 2025 ला आरोपपत्रातले त्यांना मारहाण करतानाचे फोटो बाहेर आले. सत्य लोकांसमोर यायलाच पाहिजे होतं, राग यायलाच पाहिजे होता, तो आला म्हणून तर सगळं हललं. पण तेच फोटो गोल करून, बाण दाखवून, मागे म्युझिक लावून रात्रंदिवस फिरवत ठेवायचे हे कशासाठी? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चौथीतली पोरं खेळत होती, एकाला खाली पाडलेलं, दोघं वर, आणि एक जण बाजूला उभा राहून लाकडी पट्टी मोबाईलसारखी आडवी धरून शूटिंग करतोय. मी सगळ्यांना वर्गात घेऊन बसले, ओरडले नाही, ओरडून काय होणार होतं. तेव्हा तिसरीतली एक पोरगी म्हणली, मॅडम माझे पप्पा कारखान्यावर आहेत, त्यांना पण असं करतील का? तिला तीन-चार रात्री झोप नव्हती म्हणून आजीनं नंतर सांगितलं.

हे पण अभ्यासात आलेलंच आहे. जॉर्ज गर्बनर नावाच्या प्राध्यापकांनी कितीतरी वर्षं हेच मांडलं की जास्त टीव्ही बघणाऱ्याला जग आहे त्यापेक्षा भयानक वाटायला लागतं. 2013 च्या बॉस्टनच्या बॉम्बस्फोटानंतर तर असं दिसलं की रोज सहा तास किंवा जास्त त्याच्या बातम्या बघणाऱ्यांना, स्फोट झाला तिथे हजर असलेल्यांपेक्षा जास्त मानसिक ताण होता. घरात बसलेल्यांना!

टीव्ही फोडून टाका असं माझं म्हणणं नाही. आपल्याच देशात 2001 ते 2003 मध्ये बिहार, हरियाणा, तमिळनाडू अशा राज्यांतल्या खेड्यांचा अभ्यास झाला, जिथे केबल नवीन आली तिथल्या बायकांमध्ये "नवऱ्यानं मारलं तर चालतं" म्हणणं कमी झालं. फार चांगली गोष्ट आहे ही, पण मग काकांनी सांगावं, चांगलं शिरतं डोक्यात तर वाईट का नाही शिरणार?

आणि यावर काही करता येतं, हेही तेवढंच खरं. कॅलिफोर्नियात दोन शाळांतल्या तिसरी-चौथीच्या लेकरांवर (माझ्याच वर्गाची वयं बघा) प्रयोग झाला, 2001 ला छापून आला. एका शाळेत मास्तरांनी टीव्ही कमी करायचे धडे घेतले, आधी दहा दिवस अजिबात नाही, मग आठवड्याला सात तास. वर्ष संपता संपता वर्गातली पोरंच एकमेकांबद्दल सांगताना, कोण भांडतं कोण मारतं, तर दुसऱ्या शाळेपेक्षा तिथली आक्रमकता कमी निघाली. आमच्या पालक सभेत मी हे ठेवलंय. आज्या तयार आहेत, फक्त म्हणतात बाई मग लेकरू संध्याकाळी करणार काय, तर गावातल्या समाजमंदिरात संध्याकाळी गोष्टीची पुस्तकं उघडून बसायचं ठरतंय.

चॅनेलवाल्यांसाठी नियम नाहीत असंही नाही. लेकरं जास्त बघतात त्या वेळेला त्यांना न शोभणारं दाखवू नये असं केबलच्या नियमांत लिहिलेलं आहे, जानेवारी 2023 ला माहिती व प्रसारण मंत्रालयानं रक्ताचे, मृतदेहांचे फोटो दाखवण्यावरून चॅनेलना लेखी समज दिलेली आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीप्रमाणे प्रेक्षकाच्या तक्रारीवर चॅनेलला पंधरा दिवसांत निर्णय द्यावा लागतो. पण हे आमच्या तालुक्यात कोणाला माहीत आहे? तक्रार कुणाकडे करायची, कशी लिहायची, चॅनेलनं दाद नाही दिली तर पुढे कुठे जायचं, हे तुम्ही तुमच्या पेपरात टीव्हीच्या कार्यक्रमांच्या शेजारी दर आठवड्याला चौकटीत छापाल का? पहिली तक्रार आमच्या शाळेच्या पालकांची असेल, सह्या घ्यायला सुरुवात झालेली आहे.

आपली वाचक,
एक शिक्षिका, ता. केज, जि. बीड