नावं जुनी, मालिका भलतीच

संपादक महोदय, स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ओटीटीवरच्या सायन्स फिक्शन मालिकांबद्दल लेख आलाय, त्यात 'जुन्या चाहत्यांना नवीन काही आवडतच नाही' असा एक शेरा मारलाय, तो झोंबला म्हणून लिहितोय. पुणेकर कुरकुर करतो हे मान्य, पण दरवेळी उगाच करत नाही!

आम्ही स्टार ट्रेक पहिल्यांदा बघितलं ते ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर, रविवारी सकाळी, तिकडे अमेरिकेत ती मालिका १९६९ मध्येच बंद पडली होती. सेट पुठ्ठ्याचे आहेत हे आम्हा पोरांनाही कळायचं, कुणाचं काही अडलं नाही. त्यामुळे 'तुम्हाला फक्त जुने दिवस आठवतात' हे जाऊ दे.

खरी गोची वेगळी आहे. १९८९ मध्ये स्टार ट्रेकच्याच पुढच्या मालिकेचा, नेक्स्ट जनरेशनचा, एक भाग आला होता, डेटा हा यंत्रमानव स्टारफ्लीटच्या, म्हणजे त्यांच्या अंतराळ दलाच्या, मालकीची वस्तू आहे की त्याला स्वतःचे हक्क आहेत, एवढाच खटला. लढाई नाही, स्फोट नाही. यानावरचा अधिकारी रायकर, त्याला आपल्याच मित्राच्या विरुद्ध बाजू मांडायला लावतात, तो डेटाचा हात काढून टेबलावर ठेवतो, मग त्याचा स्विच बंद करतो आणि डेटा तिथेच टेबलावर कोसळतो. आजही बघताना पोटात खड्डा पडतो. आणि एका भागात विषय संपला, पुढच्या आठवड्यात नवा प्रश्न.

आता 'पिकार्ड' घ्या, नेक्स्ट जनरेशनच्याच कॅप्टन पिकार्डवरची नवी मालिका. २०२० च्या सीझनच्या शेवटच्या भागात डेटा स्वतःहून मरण मागतो, कारण मरण असेल तरच जगण्याला अर्थ. छान. पण त्याच भागात पिकार्ड मरतो आणि लगेच त्याला कृत्रिम शरीर देऊन उठवतात! आणि २०२३ च्या सीझनमध्ये डेटा परत हजर. मग आम्ही रडायचं कशाला? दहा भागांत एकच गोष्ट ताणायची, मधे मधे ओळखीचे चेहरे आणून टाळ्या घ्यायच्या.

एक्स फाइल्सचं, म्हणजे मल्डर आणि स्कली या दोन एफबीआय एजंटांच्या जुन्या मालिकेचं, तर विचारूच नका, तीही परत आणली. २०१६ च्या शेवटच्या भागात साथ पसरते, मल्डर मरायला टेकलेला, तिथे गोष्ट सोडली. दोन वर्षं वाट बघायला लावून २०१८ मध्ये सांगितलं काय, तर ते सगळं स्कलीला दिसलेलं दृश्य होतं. ही काय पद्धत झाली? आमच्या कॉलनीच्या गणपतीतल्या नाटकातसुद्धा असला शेवट लोकांनी चालवून घेतला नसता.

बदलाला आमचा विरोध नाही हो. बॅटलस्टार गॅलॅक्टिका ही जुनी अंतराळयुद्धाची मालिका २००३ साली परत आली तेव्हा सगळं उलटंपालटं केलं होतं, स्टारबक हा जुना पुरुष पायलट चक्क बाई झाला, जुने लोक चिडलेही, पण त्यांनी युद्ध, धर्म, छळ यावर सरळ प्रश्न विचारले म्हणून ती टिकली. स्टार ट्रेकचीच नवी मालिका स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स पण मला आवडते, एक भाग एक गोष्ट हे त्यांनी बऱ्यापैकी परत आणलंय (गाण्यांचा भाग काहींना आवडला नाही, मला चालला).

तेव्हा पुढच्या वेळी परीक्षण छापताना व्हीएफएक्सला किती स्टार हे दुय्यम ठेवा, भागात नेमका प्रश्न काय होता तेवढं आधी लिहा.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे