एकाच पिशवीत दोन गोष्टी

संपादक महोदय,

‘परप्रांतीय मुसलमान कारागिरांना ख्रिस्ती लोक औषधगोळ्या देऊन जाळ्यात ओढतात’ अशा आशयाचं एक पत्र गेल्या आठवड्यात आपल्याकडे छापून आलं. पत्राखाली पत्ता भायखळ्याचा आहे. मीही भायखळ्याचीच. जन्म गेला तो नर्सिंगमध्ये, घराणं तीन पिढ्यांचं मराठी ख्रिस्ती, आणि गोळ्या मी खरोखरच दिल्या आहेत. तेव्हा उत्तरही मीच द्यावं.

आमच्या चाळीत तळमजल्याला जरीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक खोली, तीत दोन अड्डे, म्हणजे कापड ताणायच्या लाकडी चौकटी, मांडलेले, आणि रात्री त्याच अड्ड्यांखाली झोपायचं. पोरं बिहारची, सीतामढी-मधुबनीकडची. ताप आला, बोटात आरी घुसली की ‘आँटी’ करत माझ्या दारात. त्यातला एक बावीसेक वर्षांचा असेल. एकदा ड्रेसिंग करून घेताना भिंतीवरच्या क्रूसाकडे बघत म्हणाला, “ईसा अलैहिस्सलाम को तो अल्लाह ने उठा लिया था. फिर आप लोग उनको इस पे क्यों मानते हो?”

प्रश्न साधा नाही. कुराणात येशू आहे, कुमारी मरियमेच्या पोटी जन्मलेला, आजाऱ्यांना बरं करणारा. 19वी सूरा तर तिच्याच नावाची. पण तो क्रूसावर मेला हे कुराणाला मान्य नाही, आणि आमचा सगळा विश्वास नेमका तिथे उभा आहे. मी काय मानते ते मी सांगितलं. “हमारे यहाँ ऐसा नहीं है,” म्हणाला, आणि बँडेज सांभाळत गेला. इथवर कुणाचं काही चुकलं नव्हतं.

चूक पुढे झाली, आणि ती माझी. महिन्याभराने तो तापाने फणफणला. पॅरासिटामॉलची पट्टी आणि ओआरएसच्या पुड्या पिशवीत घातल्या, आणि त्यातच बायबलमधल्या मत्तयकृत शुभवर्तमानाचं हिंदी पुस्तक सरकवलं. स्वतःहून विचारलं होतं ना त्याने, मग काय हरकत! ताप उतरल्यावर तो तीच पिशवी घेऊन वर आला. “आँटी, किताब न पढ़ूँ तो दवाई का कितना हुआ?”

उद्धटपणे नाही, अगदी सरळ विचारलं. खिशातून पन्नासची नोटही काढली होती. मला काही सुचेना. पुस्तक काढून फळीवर ठेवलं, नोट त्याच्या खिशात परत कोंबली आणि माफी मागितली.

म्हणून पत्रलेखकांचा संशय मी झटकून टाकत नाही. आमच्या मंडळीतली उत्साही तरुण मुलं इस्पितळात केसपेपरच्या रांगेत पत्रकं वाटायला निघतात, तेव्हा मी पाळकसाहेबांसमोर त्यांच्याशी भांडते. रांगेतला माणूस नंबर सोडून कुठे जाणार?

पण म्हणून तोंडच उघडायचं नाही, हे मला पटत नाही. घटनेच्या 25व्या कलमात ‘प्रसार’ हा शब्द आहे. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं म्हटलं. मला त्यात अडचण वाटत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला आणि तो आपल्या वाटेने गेला. वाचन, तगमग, सगळं टिळकांचं. 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पाचेक वर्षांनी, स्वतःला पटल्यावर. नवऱ्यालाही जिथे घाई करता आली नाही, तिथे माझ्या दहा गोळ्यांची काय कथा!

माझा भाचा बर्लिनला असतो. तिथल्या श्टेग्लित्स भागातल्या एका लुथरन चर्चमध्ये शेकडो इराणी आणि अफगाण निर्वासितांनी बाप्तिस्मा घेतला आहे. तिथे संशय वेगळा: हे आश्रय मिळावा म्हणून तर नाही? अधिकारी समोर बसवून विश्वासाबद्दल प्रश्न विचारतात. परत पाठवलं तर धर्म सोडला म्हणून जिवावर बेतू शकतं, त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्याचं आणि उत्तर देणाऱ्याचं, दोघांचंही अवघड. आमच्या तळमजल्यावरच्या पोराला मात्र फायदा शोधूनही सापडायचा नाही. ठेकेदार, खोली, गावाकडचं ठरलेलं लग्न, जायचं ते त्याचंच जाईल. हे मी त्याला बोलून दाखवलं आहे. न सांगणं हीसुद्धा फसवणूकच.

आणि देवाच्या शोधाला काही आम्ही कुणाला लावत नाही. माहीमला बुधवारी सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला बघा, बुरख्यातल्या बायकाही मेणबत्त्या घेऊन उभ्या असतात. मखदूम बाबांच्या दर्ग्यात हिंदू-ख्रिस्ती जातात, तशाच.

ईद झाल्यावर पोरगा वर आला. ताप नाही, जखम नाही. “वो किताब है क्या?” फळीवरून काढून दिली. गोळ्यांचा डबा मुद्दाम आतल्या खोलीत ठेवून आले. तो आता पाचव्या अध्यायात, दुसरा गाल पुढे करायच्या वचनापाशी अडला आहे. ठेकेदारापुढे हे कसं चालायचं, असं विचारतो. मलाही नीट सांगता आलेलं नाही. मी त्याच्यासाठी प्रार्थना करते हे त्याला ठाऊक आहे. तोही माझ्या गुडघ्यांसाठी दुआ मागतो म्हणे.

पत्रलेखकांनी एकदा येऊन कारखाना बघावा, त्याच्याशीच बोलावं. फक्त शुक्रवारी दुपारी नको. तेव्हा पोरं नमाजला मदनपुऱ्यात गेलेली असतात, तोही.

— एक निवृत्त परिचारिका, भायखळा, मुंबई